चौथा प्रयत्न, एक यार्ड

तिथली शुक्रवारची रात्र
शनिवारी सकाळी आमच्या मालाडला उतरते.
पाचव्या मजल्यावर एसीने बोटं आखडलेली,
खाली लिंक रोडला भजीवाल्याचा स्टोव्ह नुकता पेटलेला,
आणि माझ्या पडद्यावर ओहायोतल्या कुठल्याशा शाळेची पोरं
हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळतायत.
आवाज नाही. फिल्म मुकी येते.

माझं काम रकाने भरण्याचं.
कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी,
धावले की फेकला,
डावीकडे की उजवीकडे.
खेळीमागे चार रुपये,
चुकलं तर सहा कापतात.

तो चेंडू मी हातात धरलेला नाही.
दिसतो सोललेल्या नारळासारखा.
पण दोन हंगाम रकाने भरले
की रकान्यांमागचा माणूस दिसायला लागतो.
हॅलोरन सर. काठावर उभे,
टोपी पुढे, टोपी मागे.
चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी, मैदानाचा मध्य,
की लाथ मारून चेंडू देऊन टाकायचा.
एकोणीसपैकी सतरा वेळा.

एक यार्ड म्हणजे केवढा?
ब्लाउजपीस, वर चार बोटं.

मी बाकीच्या शाळांच्या फिल्म काढल्या.
दोनशे बारा वेळा कुणी ना कुणी धजलं होतं,
एकशे चव्वेचाळीस वेळा जमलं होतं.
शंभरात अडुसष्ट.
एवढ्यावर तर आमच्याकडे लग्नं ठरतात.

वनमाला आत्या महापालिकेच्या संघातून चढाईला जायची,
दर वेळी डावा कोपरा.
का गं? तर म्हणे, पाय तिकडेच वळतात.
समोरच्या पोरींना तिचे पाय
तिच्या आधी कळायचे.
मी आठवीत होते, तिला म्हटलं,
निघताना घड्याळ बघ,
सेकंदकाटा समवर असला तर डावीकडे, विषमवर तर उजवीकडे.
ती खो-खो हसली. देव काय काट्यात बसतो?
देव नाही गं, पण त्या तुझ्या मनात बसल्यात,
काट्यात अजून कुणी बसलेलं नाही.

तर शेवटचा रकाना असतो, शेरा.
तो कुणी भरत नाही.
मी भरला. तीन ओळी, आकड्यांसकट.
पिंटो म्हणाला, कोकाटे, याचे पैसे नाहीत मिळणार.

तीन शनिवार काही नाही. लाथ. लाथ. लाथ.
चौथ्या शनिवारी, शेवटची दोन मिनिटं,
लाथ मारणारा पोरगा मैदानात निघालेला,
सरांनी त्याला कॉलर धरून परत खेचला.
मी खुर्चीतून उठले.
ढीग झाला. ढिगाखालून चेंडू निघाला.
साखळी आणून मोजलं:
वीतभर कमी.

हरले.
टोपी खाली गवतात.
लाथ मारून हरले असते
तर त्यांना कुणी काही विचारलं नसतं.

मी भरलं: चौथा. एक. धाव. डावीकडे. नाही.
आकडा चुकला नव्हता.
शंभरातले ते बत्तीस
कुणाच्या तरी शुक्रवारी राहायला जाणारच.
हे मला ठाऊक होतं,
तरी डबा उघडला नाही.

संध्याकाळी आत्याला फोन केला.
तिला यार्ड कळत नाही, हेल्मेट कशाला तेही नाही.
सगळं ऐकून म्हणाली,
डावीकडे गेला?
हो.
नेहमी डावीकडेच जातो का बघ गं.

हे मी मोजलंच नव्हतं.
दोन हंगाम तो रकाना
मीच माझ्या हातांनी भरत होते.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पाचवा मजला.
एसी बंद. एकच दिवा.
एक यार्ड बाकी असताना धाव: अकरा वेळा.
डावीकडे: दहा.

शेऱ्याचा रकाना उघडलाय.
सर, तुमच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ आहे का,
एवढं लिहिलंय,
पुढचं कसं सांगावं ते ठरत नाही.